काउंटरच्या आतली खुर्ची

एक कागद दोघांनी वाचायचा आणि दोघांना त्यात तेच शब्द दिसायचे, ही चैन आता सांगलीत फक्त वैजयंता मगदूमच्या दुकानात मिळत होती.

बाकी सगळीकडे ओघपानं आली होती. ओघपान म्हणजे वाचणाऱ्याला बघून स्वतःला लावून घेणारं पान. त्यात शब्द साठवलेले नसत. आशय साठवलेला असे. माणूस बोलला की त्याच्या बोलण्यातला अर्थ, सूर, माया, राग, आडपडदा हे सगळं आकड्यांत उतरवून ठेवायचं आणि मूळ शब्द टाकून द्यायचे, अशी ती पद्धत. रस काढून घेतल्यावर उसाचं चिपाड कोण जपून ठेवतो? पुढे कुणी ते पान उघडलं की पडद्याचा डोळा त्या माणसाकडे बघे. बुबुळं कशी फिरतात, कुठे अडतात, कुठल्या शब्दाशी श्वास थबकतो, यावरून प्रत्येकाची एक वाचनखूण तयार झालेली असे. त्या खुणेच्या बेतानं पान त्या क्षणी शब्द जुळवी. आजोबांना ठळक अक्षरांत चार वाक्यं, नातीला तिच्या कॉलेजच्या भाषेत, डॉक्टरला डॉक्टरी शब्दांत. सोय मोठी होती. सरकारी पत्रंसुद्धा लोकांना कळायला लागली होती, आता याहून आणखी काय पाहिजे!

पण सोय पुढच्या दारानं आली की गैरसोय मागच्या दारानं येतेच. एका लग्नात मंगलाष्टकं म्हणायला वऱ्हाडानं आपापले पडदे हातात धरले आणि आत्या एक म्हणायला लागली, मावशी दुसरं, नवऱ्याचा मामा तिसरंच. अर्थ सगळ्यांचा एकच होता, त्यामुळे कुणी चुकलं असंही म्हणता येईना. ‘सावधान’ तेवढं सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, कारण ते कानावरून पाठ होतं. तेव्हापासून लग्नघरची माणसं वैजयंताकडे येत आणि काउंटरवर कोपर टेकून सांगत, “ताई, पीडीएफ काढून द्या.” पीडीएफ म्हणजे नक्की काय हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. न बदलणारं पान, एवढंच ठाऊक होतं.

शाळेची प्रार्थना, देवळातली फरशी, दुकानाची पाटी, असली कामं येत. पण सगळ्यांत जास्त येई ते गेलेल्या माणसांचं शेवटचं बोलणं. आजारी माणूस जाण्याआधी चार गोष्टी ओघपानात बोलून ठेवी. ते बोलणं उघड्या पडद्यावर वाचायचं नाही, असा एक रिवाजच पडला होता. कारण दोन भाऊ वाचायला बसले की बापानं दोघांना निरनिराळं सांगितलेलं दिसे, आणि तेराव्याच्या आधीच डोकी फुटत. त्यापेक्षा ते वैजयंताकडे आणून गोठवायचं, कागदावर छापायचं, चौकटीत घालून भिंतीला लावायचं. जे गोठलं ते खरं. मग कुणी वाद घालत नसे.

हे गोठवायचं काम करी ‘ठसा’ नावाचा प्लगिन. पानं लावायच्या तिच्या जुन्या प्रोग्रॅमला जोडलेला तो एक छोटा जोडतुकडा होता. ओघपान आत घातलं आणि कळ दाबली की वाहता मजकूर जागच्या जागी थिजे. वैजयंता साठीला आलेली, एकटी, कामाला चोख आणि जिभेला किंचित तिखट बाई. तिच्या काउंटरवर एक पिवळी पडलेली पाटी होती : ‘आत येऊ नये. ऑपरेटरच्या मागे उभे राहू नये.’ अक्षरजुळणीच्या धंद्यात गिऱ्हाईक मानेवर श्वास सोडत उभं राहिलं की हमखास चुका होतात, हे ती तिच्या गुरूकडून शिकली होती. पाटीपुढे तिनं आमदारालाही थांबवलं होतं.

आणि तिची आणखी एक ख्याती होती. शेवटचं बोलणं गोठवताना तिच्या डोळ्यांत पाणी येई. बाहेर बाकावर बसलेली माणसं आत तिचा पदर डोळ्यांना लागलेला बघत आणि एकमेकांना म्हणत, चला, पान जमलं. वैजयंतालाही वाटे, माणसं जाताना किती सुंदर बोलतात! जन्मभर बायकोला धड हाक न मारणारा माणूसही शेवटी कसं नेमकं काळजात शिरणारं बोलून जातो. एवढ्या लोकांचं बोलणं वाचून तिचा माणसांवरचा विश्वास वाढला होता.

मग एके दिवशी ठसा बंद पडला.

तो करणारी परदेशी कंपनी मिटली. प्रत्येक गोठीव पानाला कंपनीची एक मोहर असे, आणि पान उघडताना ती मोहर कंपनीच्या यंत्राशी ताडून बघितली जाई. यंत्रच थांबल्यावर मोहरा निकामी झाल्या आणि वैजयंताच्या संगणकातली सगळी पानं पुन्हा वाहायला लागली. कागदावर छापलेलं तेवढं राहिलं. तिनं दोन दिवस कपाळाला हात लावला आणि तिसऱ्या दिवशी ठशाला पर्याय शोधायला बसली.

त्याच आठवड्यात पद्मजा चौगुले आली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चौकट होती. आतला कागद पाण्यानं फुगला होता आणि शाई उतरून सगळा मजकूर निळ्या डागांचा झाला होता.

“ताई, ओळखलं का?” ती म्हणाली. “तुमच्याकडचंच आहे हे. माझ्या अण्णांचं.”

“चेहरा ओळखीचा आहे. बसा की. काय झालं हे?”

“पूर आला. गावभागात घर आमचं. सगळं माडीवर नेलं हो, फ्रीज नेला, गाद्या नेल्या, लोणच्याच्या बरण्या नेल्या, आणि हे भिंतीवरच राहिलं.” पद्मजानं चौकट काउंटरवर ठेवली. “लेकीचं, मुक्ताचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. पाठवणीच्या वेळी मला हे वाचायचंय. परत काढून द्या.”

वैजयंताला आता सगळं आठवलं. पद्मजाचे वडील अण्णा पाटबंधारे खात्यात होते, मोजकं बोलणारे. पद्मजानं त्यांच्या मनाविरुद्ध, जातीबाहेर लग्न केलं आणि अण्णांनी बोलणं टाकलं. ते गेल्यावर पद्मजाच्या आईनंच ते बोलणं गोठवायला आणलं होतं.

“लग्नानंतर एकदा गेले होते मी माहेरी,” पद्मजा म्हणाली. “बेल वाजवली. अण्णा घरात आहेत हे मला माहीत होतं, रेडिओ चालू होता. दार काही उघडलं नाही. परत फिरले ती फिरलेच. ते गेल्यावर आईनं हा कागद हातात दिला आणि...” तिनं चौकटीवरचा वर्तमानपत्राचा कागद सारखा केला. “सगळं पाठ नाही मला. आता कोण पाठ करतं? पण एक ओळ आहे. ‘दार मी लावलं होतं. तू फक्त बाहेर राहिलीस.’ त्या ओळीवर मी आईला माझ्या घरी आणलं, ताई. शेवटपर्यंत सांभाळलं. ती ओळ मुक्तानं ऐकली पाहिजे.”

ती ओळ वैजयंतालाही आठवत होती. ती ओळ गोठवताना ती स्वतः इतकी रडली होती की चष्मा काढून ठेवावा लागला होता. वैजयंताचा भाऊ जिन्नाप्पा तेव्हा तिच्याशी बोलत नव्हता. लग्न न करता शहरात दुकान काढणाऱ्या बहिणीला त्यानं वडिलांच्या माघारी घराचा उंबरा बंद केला होता. पद्मजाच्या अण्णांची ती ओळ वाचून वैजयंतानं त्याच संध्याकाळी आपण होऊन भावाला फोन लावला होता. आता जिन्नाप्पा दर उन्हाळ्यात आंब्याची पेटी घेऊन येई आणि दोन दिवस राहून तिचं डोकं खाई.

“देते काढून,” वैजयंता म्हणाली. “पर्याय बघतेच आहे मी.”

बघणं सोपं नव्हतं. पहिला पर्याय बेंगळूरच्या एका कंपनीचा होता. तो म्हणे, सरासरी मराठी वाचकासाठी पान गोठवतो. लाखो वाचनखुणांची बेरीज करून त्यांनी एक माणूस तयार केला होता, जो कुठेच राहत नव्हता. त्या माणसासाठी अण्णांचं शेवटचं बोलणं असं गोठलं : ‘सर्वांनी एकमेकांना समजून घ्यावे व आरोग्याची काळजी घ्यावी.’ वैजयंता म्हणाली, “हे तर दवाखान्याच्या भिंतीवर पण लिहिलेलं असतंय.” दुसरा पर्याय फुकट होता आणि फुकटाच्या लायकीचा होता. तिसऱ्याचं नाव ‘पानगोठ’. तो पुण्यातल्या काही मुलींनी बांधला होता, चालायला हलका, अक्षरं स्वच्छ. वैजयंताला तो मनापासून आवडला.

तिनं अण्णांचं ओघपान त्यात घातलं, कळ दाबायला बोट उचललं, आणि तेवढ्यात चहावाला रफिकभाई काउंटरच्या बाजूनं वाकला. पाटी त्याला लागू नव्हती. चहाला कुठली आली पाटी! ग्लास ठेवताना त्याचं डोकं पडद्यासमोर आलं आणि तिचं बोट कळेवर पडलं.

पान गोठलं. दोघांनी वाचलं. ‘उभ्यानं फार वेळ राहू नये. गुडघ्यांवर माणसानं इतकं ओझं टाकू नये, शेवटी तेच नेतात.’

“ताई,” रफिकभाई हळूच म्हणाला, “माझे गुडघे दुखतात हे ह्यांना कुणी सांगितलं?”

वैजयंता हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. तिनं त्याला बाजूला व्हायला सांगितलं, स्वतः पडद्यासमोर नीट बसली आणि पुन्हा कळ दाबली. आता पान म्हणालं, ‘झालं गेलं सगळं निस्तरलं. आता सावकाश जेवावं, दुपारी थोडं पडावं.’ दाराची ओळ कुठेच नव्हती. तिनं पुन्हा गोठवलं, पुन्हा तेच. चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानाला कुलूप घातलं आणि मिरजेला डॉ. नसीमा इनामदारांकडे गेली. नसीमाबाई आशय साठवायची पद्धत बसवणाऱ्या पहिल्या गटात होत्या. निवृत्त होऊन माहेरच्या गावी आल्या होत्या आणि अंगणात कढीपत्ता, गवती चहा असलं काहीबाही लावून स्वस्थ होत्या. पूर्वी दोन-तीनदा त्यांनी वैजयंताची कामं अडली की मदत केली होती.

सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं. “ठसा वापरताना पडद्यासमोर कोण बसायचं?”

“मीच की.”

“नेहमी?”

“दुसरं कोण बसणार, मॅडम? गिऱ्हाईक काउंटरच्या आत येत नाही. नियमच आहे माझा.”

नसीमाबाई उठून आत गेल्या आणि परातीत मळून ठेवलेली कणीक घेऊन आल्या. “हे बघा. आशय म्हणजे ही कणीक. यात पोळी आहे का?”

“आहे म्हटलं तर आहे.”

“लाटल्याशिवाय नाही. आणि लाटायला खाणारा समोर लागतो. पातळ हवी की जाड, तेल लावून की कोरडी. नुसत्या आशयाला शब्द नसतात, वैजयंताताई. वाचणारा समोर आला की शब्द होतात. म्हणून गोठवायचं म्हटलं तर कुणाच्या तरी डोळ्यांसमोरच गोठवावं लागतं. ठशाच्या सूचनांत हे लिहिलं होतं, ज्याच्यासाठी पान आहे त्याला पडद्यासमोर बसवा.”

“असं काही लिहिलं नव्हतं,” वैजयंता ठासून म्हणाली. “मी सूचना दोनदा वाचल्यात. ‘काम करणाऱ्यानं समोर बसावं’ असं होतं.”

“सूचना कशात होत्या? कागदावर?”

“नाही. ओघपानात.”

नसीमाबाई हसल्या, पण त्यांना ते बरं वाटलं नसावं, कारण लगेच त्यांनी वैजयंताच्या हातावर हात ठेवला. “तुमची पाटी तुमच्या हाडीमाशी इतकी भिनलेली, की सूचनांनीही तुम्हाला तुमचाच नियम वाचून दाखवला. आम्ही हे बांधताना असा विचार केलाच नव्हता.”

वैजयंताला समजायला वेळ लागला नाही; पटायला लागला. इतकी वर्षं तिच्या दुकानातून गेलेलं प्रत्येक शेवटचं बोलणं तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या खुणेनं गोठलेलं होतं. गावभागातल्या, खणभागातल्या, पार कुपवाडपर्यंतच्या भिंतींवर टांगलेले बाप, आया, नवरे, आजे तिच्याशी बोलत होते. माणसं सुंदर बोलत नव्हती. तिला सुंदर वाटेल असं बोलत होती. तिच्या डोळ्यांत पाणी येई यात नवल काय?

“म्हणजे ते सगळं खोटं?” तिनं विचारलं.

“खोटं कसं म्हणू? माया त्या माणसाची खरी, खंत असली तर ती खरी. पण कुठला शब्द, कुणाची चूक मोठी, कुणाची लहान, हे तुमच्याकडे बघून ठरलं.”

“मग मी परत बसले तर ती ओळ का येत नाही?”

“भाऊ बोलायला लागला ना तुमच्याशी? ती ओळ लागणारी बाई आता राहिली नाही.”

नसीमाबाईंनी कणकेची परात बाजूला ठेवली. मग त्या म्हणाल्या, “पण तुम्हाला जुनंच पान हवं असेल तर निघेल. ठसा जुन्या खुणा तुमच्याच यंत्रात साठवून ठेवायचा. तुमची त्या वेळची वाचनखूण शोधा, पानगोठला द्या, आणि गोठवा. अक्षर इकडचं तिकडे होणार नाही. पर्याय सापडला म्हणा.”

सापडला होता खरा. वैजयंतानं परत येऊन तसं केलं. त्या वर्षाची तिची खूण यंत्राच्या तळाशी पडलेली होती. पान निघालं, आणि मधोमध ती ओळ होती : दार मी लावलं होतं, तू फक्त बाहेर राहिलीस. चांगल्या जाड कागदावर छापून तिनं ते खणात ठेवलं. पद्मजाला दिलं की काम संपलं. मुलीच्या लग्नात बाई आनंदानं वाचेल, माणसं डोळे पुसतील, कुणाचं काही बिघडणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वैजयंतानं स्वतःला हे दिवसभर सांगितलं.

पण एक गोष्ट तिला सोडत नव्हती. पद्मजाच्या बापानं पद्मजाला काहीतरी सांगून ठेवलं होतं, आणि ते अजून पद्मजापर्यंत पोचलंच नव्हतं. मधल्या मध्ये ते वैजयंतानं घेतलं होतं. नकळत घेतलं, तरी घेतलं होतं. भावाशी समेट झाला, आंबे खाल्ले, ते दुसऱ्याच्या ताटातलं होतं. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

पद्मजा आली तेव्हा वैजयंतानं काउंटरची फळी वर उचलली. “आत या.”

पद्मजानं पाटीकडे बघितलं. “आत?”

“या. बसा ह्या खुर्चीवर.” आणि उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं, कणकेपासून पाटीपर्यंत. सांगून झाल्यावर खणातलं छापलेलं पान काढून पुढ्यात ठेवलं. “हे तुमचं जुनं. जसंच्या तसं आहे. हे घेऊन गेलात तरी मी काही म्हणणार नाही, आणि कुणाला सांगणारही नाही. नाहीतर पडद्याकडं बघा, मी कळ दाबते. काय येईल ते मला माहीत नाही.”

पद्मजानं छापलेल्या पानावर तळहात ठेवला. “म्हणजे ही ओळ अण्णांनी तुम्हाला सांगितली?”

“तसंच म्हणायचं.”

“तुम्हाला कशाला? तुम्हाला ते ओळखत पण नव्हते.”

“नव्हते,” वैजयंता म्हणाली. “पण मला लागत होती.”

पद्मजानं पान बाजूला सारलं, चष्मा पुसला आणि पडद्याकडे तोंड केलं. “दाबा.”

वैजयंता मुद्दाम मागे सरकून भिंतीशी उभी राहिली. तिची सावलीही पडद्यावर पडायला नको होती. कळ दाबल्यावर पान एक क्षण रिकामं राहिलं आणि मग अक्षरं उमटली.

‘मागच्या भिंतीला ओल येते, पावसाआधी गिलावा करून घ्यावा. तुझ्या आईच्या गोळ्या निळ्या डबीत असतात. माझं ऐकणं कमी झालंय, रेडिओ मोठा असतो. दाराची वरची कडी काढायला मला वेळ लागतो. आलीस तर बेल वाजवून जरा थांबावं.’

पद्मजानं ते वाचलं. पहिल्या ओळीला ती हसली होती. अण्णा असंच बोलायचे, ओल आणि गिलावा. लग्नात अंतरपाट धरला असता तरी म्हणाले असते, मांडवाचा डावा खांब वाकडा आहे. मग ती शेवटच्या ओळीशी आली आणि तिचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

“मी थांबले नव्हते,” ती म्हणाली. “ताई, मी बेल वाजवली आणि वीसपर्यंत आकडे पण मोजले नाहीत. ते येत होते.”

वैजयंता भिंतीपासून पुढे आली. “असं नसेल हो. यंत्र आहे ते. तुमच्या मनात जी भीती असेल तीच त्यानं शब्दांत घातली असेल. मॅडमनाच विचारू आपण.”

त्यांनी विचारलंही. फोनवर नसीमाबाईंनी शांतपणे ऐकलं आणि खरं तेच सांगितलं. अण्णा कडीबद्दल खरंच बोलले होते की नुसती ‘वाट बघितली’ एवढाच आशय होता आणि कडी पद्मजाच्या खुणेतून आली, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. मूळ शब्द ठेवलेलेच नव्हते.

पद्मजा रडली. वैजयंतानं तिला पाणी दिलं आणि पाठीवर हात ठेवला. जरा वेळानं पद्मजा उठली. पडद्यावरचं पान तिनं छापून घेतलं, नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं. जुनं पान तिनं काउंटरवरून वैजयंताकडे सरकवलं.

“हे तुमचं आहे,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर वैजयंताला सोपं गेलं असतं.

मुक्ताच्या लग्नाला वैजयंता गेली. पाठवणीच्या वेळी पद्मजानं कागद काढलाच नाही. मुलीला जवळ घेऊन ती एवढंच म्हणाली, “कधी रुसून आलीस, आणि आम्हाला दार उघडायला वेळ लागला, तर थांब. लगेच परत फिरू नकोस.” माणसांना वाटलं, बाई लेकीला साधंच काहीतरी सांगतेय. वैजयंतानं मात्र पदर डोळ्यांना लावला, आणि या वेळी ते पाणी आपलंच आहे का, अशी शंका तिला आली.

त्यानंतर तिनं ठरवलं की बाकीच्यांनाही सांगायचं. तिनं सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवला : तुमच्या घरातलं पान माझ्या डोळ्यांसमोर गोठलेलं आहे, येऊन स्वतः पडद्यासमोर बसा, मी पुन्हा काढून देते, काही घेणार नाही. दोन दिवसांत उत्तरं आली. एकानं लिहिलं, ‘तुम्हालाही सणाच्या शुभेच्छा.’ एकीनं नव्या दुकानाबद्दल अभिनंदन केलं. कुणीतरी विचारलं, सवलत कधीपर्यंत आहे? वैजयंता गोंधळली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. निरोप ओघपानातून गेला होता. ज्याला जेवढं सोसेल तेवढंच त्यानं प्रत्येकाला वाचून दाखवलं होतं.

मग तिनं पुठ्ठा घेतला. जाड काळा मार्कर घेतला. लिहायची सवय राहिली नव्हती, पहिल्या ओळीची अक्षरं खाली घसरली, ‘बोलणं’मधला अनुस्वार राहिला तो नंतर दिला. तोच मजकूर तिनं हातानं लिहिला आणि पिवळी पाटी काढून तिच्या जागी टांगला. काउंटरची फळी कायमची वर उचलून ठेवली आणि खुर्ची पडद्यासमोर मांडली.

माणसं आली. बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि रफिकभाई होताच. खणभागातला एक म्हातारा शिक्षक आला, ज्याच्या घरात बायकोचं पान होतं. एक सून आली, सासूचं होतं. दोघे भाऊ एका स्कूटरवर आले. प्रत्येकानं पाटीसमोर उभं राहून मजकूर वाचला. वाचून झाल्यावरही ते हलत नसत. पाटीकडे टक लावून, मान जराशी इकडे जराशी तिकडे करत उभे राहत, कुणी चष्मा काढून पुन्हा घाली.

पहिल्यांदा वैजयंताला कळेना, हे कशासाठी थांबलेत. मग कळलं. पाटी आपल्याकडे बघेल आणि बदलेल, आपल्याला सोसेल असं काहीतरी सांगेल, म्हणून ते वाट बघत होते.

पुठ्ठा बदलत नसे. मग ते खुर्चीवर न बसताच वळून घरी जात. रफिकभाई चहाचा ग्लास ठेवताना दर वेळी मोकळ्या खुर्चीकडे बघे, आणि ती खुर्ची पडद्यासमोर होती तशीच होती.